मी तेव्हाच म्हटलं होतं

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास, दादरला, शिवाजी पार्कापासून दोन गल्ल्या आत, नानांच्या टीपॉयवरून एक वही नाहीशी झाली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. त्या वेळी खोलीत आठ माणसं होती आणि ती वही नाहीशी व्हावी असं वाटायला आठांपैकी सात जणांकडे सबळ कारण होतं. त्या सातांत मीही येतो, हे आधीच सांगून टाकतो.

वही जन्माला आली ती भारत-इंग्लंड मालिकेतल्या लीड्सच्या कसोटीमुळे. त्या कसोटीत आपली पाच शतकं झाली. जैस्वाल, गिल, राहुल यांचं एकेक आणि पंतची दोन. तरी इंग्लंडने शेवटच्या दिवशी ३७१ धावांचा डोंगर पाच गडी राखून पार केला. पाच शतकं ठोकून कसोटी हरायचं हे त्याआधी जगात कुणाला जमलं नव्हतं. त्या रात्री नानांच्या घरी दुःख असं फारसं नव्हतंच. कारण हे असंच होणार हे प्रत्येकाला आधीपासून ठाऊक होतं. आपली शेपूट दोन्ही डावांत कापरासारखी उडून जाणार, हे बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना ठाऊक होतं (पहिल्या डावात शेवटचे सात गडी ४१ धावांत, दुसऱ्यात शेवटचे सहा ३१ धावांत). डकेट ९७ वर असताना जैस्वालच्या हातून झेल सुटणार आणि पुढे तो १४९ करणार, हे बंड्याला ठाऊक होतं. नाना जैस्वालवर जास्त बोलले नाहीत. हा मुलगा एप्रिलमध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळायला निघाला होता आणि मेमध्ये परत फिरला, तेव्हापासून नानांनी त्याची वाटणी करून टाकली आहे. शतक मारताना तो मुंबईचा, झेल सोडताना गोव्याचा.

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” हे वाक्य त्या रात्री इतक्यांदा कानावर आलं की शेवटी मास्तर उठले. मास्तरांनी आयुष्यभर नववी-दहावीला भूमिती शिकवली. सिद्धतेशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून वही आणली आणि नियम घातला, की ज्याला जे काही म्हणायचं असेल ते खेळ सुरू होण्याआधी किंवा चालू असताना लिहायचं. तारीख, वेळ, सही. खाडाखोड चालणार नाही. मागाहून ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असं कुणी म्हणालं, तर पान उघडून दाखवायचं.

माणसाच्या सुखावर घाला घालण्याचा इतका साधा आणि स्वस्त उपाय मी दुसरा पाहिलेला नाही.

वहीचा पहिला बळी काका. एजबॅस्टनला बुमराहला विश्रांती दिली, तेव्हा काकांनी पानभर निषेध लिहिला. आम्ही बत्तीस वर्षं बँकेत काढली, वर्कलोड हा शब्द कधी तोंडातून काढला नाही, एक कसोटी हरलेली असताना मुख्य गोलंदाज घरी बसवणाऱ्यांना जाब विचारला पाहिजे, इत्यादी. (काकांच्या तोंडी वर्कलोड हा शब्द का आला नसावा, यावर मास्तरांनी समासात एक प्रश्नचिन्ह काढलं, तेवढंच.) ती कसोटी आपण ३३६ धावांनी जिंकली. गिलच्या दोन डावांत मिळून ४३० धावा, आणि बुमराहच्या जागी आलेल्या आकाशदीपचे दहा बळी. एजबॅस्टनला आपण त्याआधी कधीच जिंकलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी काकांच्या पानावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. मजकुराच्या अगदी मधोमध. खाडाखोड नव्हे, अपघात.

मालिकेच्या शेवटी काकांनी या प्रकरणाचा पक्का सिद्धांत केला. बुमराह तीन कसोट्या खेळला, त्यातली एकही आपण जिंकली नाही. ज्या दोन खेळला नाही, त्या दोन्ही जिंकल्या. “म्हणून मी म्हणत होतो, त्याला विश्रांती द्या,” असं काका आता कट्ट्यावर सांगतात. लॉर्ड्सला त्याने पहिल्या डावात पाच बळी घेतले होते, ही गोष्ट सिद्धांताच्या आड येते, म्हणून तिचा उल्लेख टाळला जातो.

आणि लॉर्ड्स म्हटलं की वक्तशीरपणा आलाच. तिसऱ्या संध्याकाळी दिवसातलं शेवटचं षटक तेवढंच व्हावं म्हणून क्रॉली हातमोजे, दुखलेलं बोट, धावपट्टीच्या पलीकडचं काहीतरी हलतंय, असं करत उभा राहिला आणि गिल त्याच्या अंगावर गेला. त्या रात्री नानांच्या खोलीत वेळेच्या किमतीवर जी भाषणं झाली, ती ऐकून भिंतीवरचं घड्याळ लाजलं असेल. भाषण करणाऱ्यांत नाना आघाडीवर. नानांच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा होता आणि अक्षता पडल्या तेव्हा पहिली पंगत उठत आली होती. बंड्याने हळूच आठवण करून दिली की, आदल्या दिवशी गिलने स्वतः मैदानात आडवं पडून पाठ चोळून घेतली होती आणि इंग्लंडवाले तेच बोलतायत. नाना म्हणाले, “ते उपचार होते.” पुढे षटकं हळू टाकली म्हणून इंग्लंडचे दोन गुण कापले गेले, तेव्हा नानांनी वहीत आपल्याच नोंदीशेजारी ‘बरोबर’ची खूण केली.

त्या कसोटीचा शेवटचा दिवस वहीतलं सर्वांत अवघड पान आहे. आपल्याला १९३ हव्या होत्या. जडेजा एका टोकाला चिकटून. संध्याकाळी सात चाळीसला काकांची नोंद: जडेजाने आता फटके मारावेत, नाहीतर हरलो. आठ दहाला काकांचीच नोंद: जडेजाने फटके मारू नयेत, नाहीतर हरलो. दोन्हीखाली सही एकच आणि ठसठशीत. शेवटी सिराजने बॅटच्या मधोमध खेळलेला चेंडू जमिनीवरून मागे गरंगळत जाऊन यष्टींवर आदळला, तोही बोट मोडलेल्या बशीरचा, आणि आपण २२ धावांनी हरलो. जडेजा १८१ चेंडूंत नाबाद ६१. काकांचं म्हणणं खरं ठरलं. कुठलं, ते मास्तरांना अजून ठरवता आलेलं नाही.

मँचेस्टरबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण तिथे आपलं सांस्कृतिक वेगळेपण जगाला दिसलं. पहिल्याच षटकात शून्यावर दोन गडी गेलेले, ३११ची पिछाडी, तिथून दीड-दोन दिवस खेळून आपण कसोटी वाचवली. शेवटच्या तासाला स्टोक्स हात पुढे करून आला, की चला, झालं, आता निघू. जडेजा ८९ वर, वॉशिंग्टन सुंदर ८० वर. दोघांनी हात मिळवायला नकार दिला. स्टोक्सचा चेहरा पाहून मला एकदम आमच्या घराचा दरवाजा आठवला. पाहुणे “बरं, निघतो आता” म्हणून उठतात, चपला घालतात आणि मग उंबऱ्यात उभं राहून खऱ्या गप्पांना सुरुवात होते. यजमानाने लिफ्टचं बटण दाबलेलं असतं, लिफ्ट येऊन परत गेलेली असते. स्टोक्सला हे माहीत नव्हतं. त्याने वैतागून ब्रूकच्या हाती चेंडू दिला, त्याने अंगणात पोराला टाकावेत तसे टाकले, दोघांची शतकं झाली, तेव्हा कुठे पाहुणे जिना उतरले.

बंड्याने विचारलं, “समजा, उलट असतं? रूट ८९ वर, आणि गिल हात पुढे करून उभा?”

खोलीत एकदम सगळ्यांना खेळभावना आठवली. बाय द वे, तो शब्द वहीत बऱ्याच ठिकाणी आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्यापुढे कंसात ‘इंग्लंडला नाही’ असं लिहिलेलं आहे.

करंडकाबद्दल मात्र वहीत एक अक्षर नाही, याची इतिहासाने नोंद घ्यावी. इंग्लंडमधल्या भारताच्या मालिकेला इतकी वर्षं पतौडींचं नाव होतं, ते काढून अँडरसन-तेंडुलकर केलं, यावर देशभर लोक तावातावाने बोलले. दादरमध्ये हे कसं बोलणार? ज्या मैदानावर ते पोर नेटमध्ये घामाघूम व्हायचं, त्याच्या कठड्यावर बसून? नानांनी यावर ‘योग्य तेच झालं असावं’ एवढं तोंडी मत दिलं आणि विषय बटाटावड्याकडे वळवला.

गिलच्या बाबतीत आमची अशीच पंचाईत झाली होती. ओव्हलला उतरताना त्याच्या मालिकेतल्या धावा ७२२ होत्या. १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये गावसकरांनी केलेल्या ७७४ हा भारतीयाचा एका मालिकेतला उच्चांक. पन्नासावर आणखी तीन धावा झाल्या की गेला. पहिल्या डावात गिल २१ वर धावबाद झाला. दुसऱ्यात ११ वर गेला. एकूण ७५४. दोन्ही वेळा खोलीत जो सुस्कारा उठला, तो दुःखाचा होता असं वहीत लिहिलेलं आहे. त्याखाली सही करायला कुणी पुढे आलं नाही.

ओव्हलला कसोटीआधी तिथल्या खेळपट्टीवाल्याने आपल्या मंडळींना अडीच मीटर लांब उभं राहायला सांगितलं आणि गंभीर त्याच्यावर उखडला, ते सोडून देतो. आमच्या सोसायटीचा वॉचमन रोज एवढं बोलतो.

खरं प्रकरण रविवारचं. इंग्लंडला ३७४ हव्या होत्या. ब्रूक १९ वर असताना त्याने प्रसिध कृष्णाला उंच फटका मारला, सीमारेषेजवळ सिराजने झेल व्यवस्थित पकडला आणि मग, देव जाणे कसा, पाय मागे टाकून झेलासकट सीमारेषेवर जाऊन उभा राहिला. बादऐवजी षटकार. ब्रूक तिथून १११ पर्यंत गेला, रूटने १०५ केल्या. तीन बाद ३०१ पर्यंत गाडी गेली, तेव्हा खोलीतल्या माणसांनी रांगेत उभं राहून वहीत लिहिलं. जेवणाच्या पंगतीत वाढपी येईपर्यंत धीर धरत नाहीत, तशी घाई. काकांनी दीड पान लिहिलं. मीही लिहिलं. माझी नोंद एकाच ओळीची आहे, पण तिच्यात सिराजच्या पायाविषयी, बुद्धीविषयी आणि पुढच्या कारकिर्दीविषयी ठाम विधानं आहेत. संध्याकाळी गडी पडले, प्रकाश गेला, पाऊस आला. इंग्लंड ६ बाद ३३९. हव्यात ३५. माझा लंडनचा भाचा त्या दिवशी मैदानात होता. भिजून घरी गेला आणि सोमवारी कामावर. त्याच्याकडे सोमवारचं तिकीट नव्हतं आणि बंड्या सोडून आमच्यातल्या एकाकडेही सोमवारचं काम नव्हतं.

सोमवार श्रावणातला. खोलीत साबुदाण्याची खिचडी. बंड्याची साडेतीनलाच मीटिंग, कॅमेरा बंद, माइक बंद, आणि एकदा चुकून माइक सुरू. नाना मात्र दिवाणावर आडवे होऊन डोळे मिटून पडले. कारण विचारलं तर म्हणाले, १९७१ ला याच ओव्हलवर, गणेश चतुर्थीच्या दिवशी, अजित वाडेकर सकाळीच धावबाद होऊन ड्रेसिंग रूममध्ये झोपी गेले होते आणि आपण जिंकलो. मैदानात त्या दिवशी हत्तीणही आणली होती. “हत्तीण मला जमण्यासारखी नाही,” नाना म्हणाले, “झोप जमेल.”

पहिल्या दोन चेंडूंवर ओव्हरटनचे दोन चौकार. काकांनी पेन उचललं. मग सिराजने स्मिथ काढला, ओव्हरटनला पायचीत केलं, प्रसिधने टंगचा त्रिफळा उडवला. वोक्स एक हात झोळीत बांधून, स्वेटरखाली तो हात लपवून आला, आणि एवढ्या भांडणात आम्ही सगळे त्या माणसासाठी गप्प झालो. तेवढंच काय ते. त्याला एकही चेंडू खेळावा लागला नाही. अॅटकिन्सनने एक षटकार मारला, सात हव्या होत्या, आणि सिराजच्या यॉर्करने त्याचा त्रिफळा उडाला. सहा धावांनी. मालिका दोन-दोन. पाचही कसोट्यांत राबलेला सिराज डावात पाच, मालिकेत तेवीस बळी घेऊन दोन्ही हात पसरून उभा.

नानांना उठवलं. डोळे चोळत ते म्हणाले, “मी तेव्हाच म्हटलं होतं.”

त्यानंतर कधीतरी मास्तरांनी चष्मा लावला, वहीसाठी टीपॉयवर हात फिरवला आणि तिथे फक्त खिचडीची बशी होती.

संशय नसलेली आठवी व्यक्ती म्हणजे नानी. नानींची वहीत नोंद एकच आहे, लीड्सनंतर केलेली: ‘सगळ्या मॅचेस पाचव्या दिवसापर्यंत जाणार, दूध रोज एक लिटर जास्त सांगावं.’ उरलेल्या चारपैकी चार बरोबर. गिल पाचही नाणेफेकी हरला, आम्ही लीड्सनंतर चारही वेळा ‘या वेळी नक्की जिंकणार’ असं लिहून सह्या केल्या, आणि नानींनी दूधवाल्याला निरोप धाडला. ती वही मिळावी असं खोलीत मनापासून फक्त त्यांनाच वाटतं.

तरी दादर, माहीम, प्रभादेवी परिसरात कुणाला निळ्या पुठ्ठ्याची, चहाचा डाग असलेली दोनशे पानी वही रद्दीत किंवा बाकावर सापडली, तर कृपया नानींना आणून द्यावी. मात्र ३ ऑगस्टच्या पानावर वरून चौथी ओळ आहे, ती आणण्याआधी फाडावी. पावसात भिजली म्हणून सांगा.