सात नंबरवरचे काका

अंदमानच्या सहलीला चाळीस माणसं असोत, त्यांतली निम्मी साठीच्या पुढची असोत, ‘काका’ हा किताब एकालाच मिळतो. विमानतळावर टूर मॅनेजरने हजेरी घ्यायच्या आत जे स्वतःच सगळ्यांची हजेरी घेऊन मोकळे होतात, ते काका. सॅक पाठीऐवजी पोटावर. तिच्यात आधार कार्डाच्या सहा झेरॉक्स, भडंगाचा डबा, उलटीच्या गोळ्या आणि लाल पेनाने खुणा केलेला सहलीचा कार्यक्रम.

त्या कार्यक्रमात चौथ्या दिवसापुढे छापलेलं असतं : ‘दुपारी समुद्रकिनारी आराम.’ निघायच्या आठवडाभर आधीच काका टूरच्या ऑफिसात फोन करतात. “आराम म्हणजे नक्की काय काय दाखवणार?”

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जायला सरकारी बोटीला अडीच तास लागतात, खासगी वेगवान बोटीला साधारण दीड. काकांना हे पटत नाही. तिकीट जास्त आणि समुद्र कमी, हा कुठला हिशोब? पण बोटीत बसल्यावर त्यांना श्रोते मिळतात. “हॅवलॉक म्हणू नका. 30 डिसेंबर 2018 पासून स्वराज द्वीप. हा हॅवलॉक म्हणजे सत्तावन्नच्या उठावात आपल्या लोकांवर चालून गेलेला इंग्रज सेनापती!” माहिती बिनचूक असते. मात्र श्रोत्यांपैकी निम्म्यांची तोंडं तेव्हा कागदी पिशवीत असतात. काका त्यांना आधी गोळी देतात, मग उरलेला इतिहास.

बेटावर उतरल्या उतरल्या त्यांना नवा संशय येतो. इथल्या किनाऱ्यांना नावांबरोबर नंबरही आहेत. विजयनगर पाच, राधानगर सात. “म्हणजे किमान सात किनारे आहेत. आपल्या कार्यक्रमात तीनच कसे?” पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे वसवलं गेलं, त्या वस्त्यांचे हे नंबर, असं बंगाली ड्रायव्हर शांतपणे सांगतो. काका मान डोलावतात, पण उरलेल्या किनाऱ्यांची नोंद लाल पेनाने करून ठेवतात.

खरा घात करतो तो सूर्य. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, अंदमान त्र्याण्णवच्या आसपास. त्यामुळे डिसेंबरात इथे साडेपाचला उजाडतं आणि पाचला सूर्य बुडतो. काकांनी डोंबिवलीच्या हिशोबाने आखणी केलेली : साडेतीनला चहा, चारला आवराआवर, साडेपाचला किनारा, सहाला सूर्यास्त. “अहो काका, सहाला तिथे चांदण्या दिसतील,” टूर मॅनेजर हात जोडतो. काका घड्याळ बघतात, आभाळ बघतात. चूक आभाळाची आहे यात त्यांना शंका नसते.

हे सगळं वाचून काका म्हणजे नुसती कटकट, असं वाटेल. पण दोनच दिवसांपूर्वी सेल्युलर जेलमध्ये हेच काका अर्धा तास बोललेले नसतात. सात पाकळ्यांपैकी आज तीनच उभ्या आहेत, हेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. 1911 साली पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन आलेल्या सावरकरांच्या कोठडीत ते शिरले, चप्पल बाहेर काढून. कोलूसमोर उभे राहिले. बाहेर आल्यावर काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी न बोलता घेतली. बाटलीची किंमतसुद्धा विचारली नाही.

आणि आता सात नंबर. 2004 मध्ये ‘टाइम’ मासिकाने आशियातला सर्वोत्तम म्हणून गौरवलेला किनारा. मागे उंच झाडांचं दाट जंगल, पुढे पिठासारखी वाळू, पाणी आधी पोपटी, मग निळं. सगळे धावत पाण्यात जातात. काका वाळूत उभे. पाच मिनिटांनी विचारतात, “बघून झालं. आता पुढे काय?”

पुढे काही नसतं. काका किनाऱ्याची तारकर्लीशी तुलना करतात, तारकर्लीला जिंकवतात. नातीने वेचलेले शंख परत वाळूत टाकायला लावतात, कारण शंख-प्रवाळ नेणं हा गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. नात रुसते. तिकडे काकू कमरेइतक्या पाण्यात मैत्रिणींचा हात धरून उभ्या असतात, साडीची तमा न बाळगता. त्यांनी तासाभरात एकदाही घड्याळ पाहिलेलं नसतं.

शेवटी कुणीतरी आपल्या चपला काकांपुढे ठेवतं. “काका, जरा लक्ष ठेवाल?” मग दुसरं कुणी, मग सगळेच. काकांचा चेहरा खुलतो. सव्वीस जोड्या ते देवळाबाहेरच्या शिस्तीत मांडतात, बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या, आणि शेजारी मांडी ठोकून बसतात. समोर ऊन उतरतं, वाळू तांबूस होते. भरतीची एक लाट जरा लांबवर येते आणि डावीकडची दुसरी चप्पल उचलून नेते.

“अहो, ती माझी!” काकू ओरडतात.

पँट दुमडायचीही फुरसत न घेता काका समुद्रात शिरतात.