भाऊ तांडेल

रत्नागिरीत निवृत्त माणसाने काय करावं हे ठरलेलं आहे. कलमं लावावीत, सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहावं, नाहीतर संध्याकाळी थिबा पॅलेसच्या बाजूला फिरायला जाऊन साखरेचे आकडे एकमेकांना सांगावेत. भाऊंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी होडी घेतली.

मांडवीपासून साखरतरपर्यंत हल्ली असा एकेक निघतोच. सगळी नोकरी डोंबिवली लोकलच्या दारात उभं राहून काढलेली असते आणि गावी परतल्यावर आपल्या रक्तात समुद्र असल्याचं एकाएकी कळतं. भाऊ आजोबांचा दाखला देतात. आजोबा पोस्टात होते, पण पोस्ट बंदराच्या वाटेवर होतं म्हणे.

रक्त जागं केलं ते मोबाइलने. अलास्कातले लोक होडीतून हॅलिबट नावाचा परातीएवढा चपटा मासा ओढून काढतात, ते भाऊ रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघत. १९९६ साली तिथे एकाने गळावर ४५९ पौंडांचा हॅलिबट धरला. म्हणजे २०८ किलो. हा आकडा भाऊ ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगतात, आणि अशा सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावं दुसरं टोक भाऊंनीच धरलं होतं.

होडी फायबरची, निळी-पांढरी, मागे इंजिन. स्वस्तात मिळाली. का स्वस्त मिळाली ते अंगणात उतरवून घेतल्यावर कळलं. तारीख होती जूनची. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा काळ आणि वर खवळलेला समुद्र. राजिवड्याचे चाचा, ज्यांनी हयात पाण्यात काढली, त्यांनी सुचवलं, "भाव, बिनइंजिनाच्या होडीला बंदी नाय. खाडीत वल्ही मारा." भाऊंचा चेहरा पडला. इंजिन काढून उरलेल्या होडीत त्यांना रस नव्हता.

मग सगळा पावसाळा होडी तुळशीवृंदावन आणि विहीर यांच्या मधोमध ताडपत्रीखाली उभी राहिली. घरात एवढी मोठी कोरडी जागा दुसरी नाही, हे वहिनींच्या तिसऱ्या दिवशीच लक्षात आलं. आधी नारळाची सोडणं आत गेली, मग चुलीची फाटी, मग मखराचा सांगाडा. भाऊंनी तक्रार केली नाही. फक्त मागची फळी आपल्यासाठी राखून घेतली. तिथे बसून, इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून ते पावसाकडे बघत. आम्ही गेलो की "चढा वर" म्हणत. चपला खाली काढायच्या. चहा वर यायचा. मास्तर एकदा कप घ्यायला वाकले, तर भाऊ गंभीरपणे म्हणाले, "जरा डावीकडे सरका, मास्तर. तोल जातो."

नारळी पौर्णिमेला भाऊंनी सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पाण्यात सोडला. दोन पोरांनी सूर मारून तो लगेच बाहेर काढला. भाऊंनी हाही शकुन चांगला धरला.

खरी अडचण पुढे होती, दिवस ठरवण्याची. श्रावण गेला, पितृपक्ष गेला, नवरात्र गेलं. मास्तरांचा सोमवार, बागायतदारांचा गुरुवार, वहिनींचा मंगळवार; शिवाय एकादशी आणि संकष्टी सगळ्यांची. दाताचे डॉक्टर तेवढे सातही दिवस खाणारे. वर चाचांची अट. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी ओढतं, गरी तळाला ठरत नाही. गरवायचं तर अष्टमीच्या भांगावर, पाणी मऊ असताना. भाऊंनी कालनिर्णय आणि पेन्सिल घेऊन एक रविवार काढला, ज्या दिवशी अष्टमीही होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आठाचे पाऊणपट सहा. पहाटे सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी, संध्याकाळी परत भरती. "सहा म्हणजे सहा," भाऊंनी बजावलं.

सव्वाआठला निघालो. डॉक्टरांचा थर्मास राहिला होता आणि बागायतदारांना वाटेत आंब्याच्या औषधाचा विक्रेता भेटला होता. चाचा काठावर बसून पाण्याकडे बघत होते. बोलले काही नाहीत. भाऊंनी सगळ्यांना नारिंगी जॅकेटं घातली. डॉक्टरांचं पोटावर मिटेना, ते त्यांनी पाठीवर टाकलं.

खाडीच्या तोंडाबाहेर पडल्यावर मतलई वाऱ्यात रत्नदुर्ग आणि त्याचं दीपगृह डाव्या-उजव्या बाजूला डुलायला लागलं, आणि भाऊंची भाषा बदलली. 'उजवीकडे' गेलं, 'स्टारबोर्ड' आलं. होडी प्रत्यक्षात चाचाच चालवत होते. भाऊ फक्त ती जिकडे वळत असेल तिकडे हात करून हुकूम सोडत. त्यांचा जीव मासे दाखवणाऱ्या यंत्रात होता. पडद्यावर मासे भराभर सरकायचे. आम्हाला मासे दिसत होते, माशांना मात्र आमची गरी दिसत नव्हती. चाचांनी शिशाचा गोळा दोरीला बांधून सोडला, वर घेतला, बुडाला लागलेला चिखल बोटांनी चोळून पाहिला आणि म्हणाले, "सात वाव. हितं टाका."

आमिष म्हणून भाऊंनी बाजारातून कोळंबी आणली होती, आणि ती इतकी टपोरी की मोहिमेला पहिली फूट तिथेच पडली. "एवढी कोळंबी माशाला?" बागायतदार म्हणाले. डॉक्टर बोलले नाहीत, पण बारक्या तेवढ्या गरीला लावून मोठ्या ते शांतपणे थर्मासच्या पिशवीत सरकवत होते, हे मी पाहिलं. कोकणी माणसाकडून माशाला इतपतच उदारपणा होतो.

मास्तरांना शेंगटी लागली. काट्याला विष असतं म्हणून चाचांनी ती चपलेखाली दाबून सोडवली. बागायतदारांना केंड लागला. तो रागाने फुगला, आणि दोघे बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले. मग भाऊंची दोरी जड झाली. वर आला तो तपकिरी, चपटा, दोन्ही डोळे एका अंगाला असलेला मासा.

"हॅलिबट!" भाऊ ओरडले. "भाकस," चाचा म्हणाले.

दोघेही बरोबर होते. भाकस हा त्या थोर घराण्याचा लांबचा नातेवाईक आहे. इंग्रजीत त्याला भारतीय हॅलिबट म्हणतातही. पिल्लू असताना त्याचे डोळे दोन बाजूंना असतात, मग एक सरकत जातो, पण भाकसाचा तो पुरता पलीकडे पोचत नाही, माथ्याच्या कडेलाच अडकतो. त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर कायम एक संशय असतो. दीड वितीचा होता. भाऊंनी तो कॅमेऱ्याकडे हात लांब करून इतका पुढे धरला की फोटोत मागे डॉक्टर आणि अरबी समुद्र दोन्ही लहान दिसतात. अर्थात डॉक्टर तेव्हा तसेही आकसलेच होते. त्यांना समुद्र लागला होता. म्हणून परतलो, आणि खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा बारा वाजले होते.

तोंडावर वाळूचा दांडा आहे. पंख्याने वाळू उपसली, इंजिन कण्हलं आणि बंद पडलं. पाणी मांडीभर. "उतरा," चाचा म्हणाले. आम्ही उतरलो. डॉक्टरसुद्धा उतरले, जमीन लागल्याच्या आनंदात. भाऊ उतरले नाहीत. तांडेल होडी सोडत नसतो. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरुबनातल्या सावलीला बसलेले पर्यटक उठून उभे राहिले आणि पाच माणसं एका माणसाला समुद्रातून ढकलत आणतायत, याचं चित्रण करू लागले. ते चित्रण भाऊंनी पुढे कुठून तरी मिळवलं. त्यात आम्ही खाली आहोत, पण होडी सुरेख आली आहे.

धक्क्यावर वाटणी झाली. ती रीतीप्रमाणे व्हावी असा भाऊंचा आग्रह होता: एक वाटा होडीचा, एक इंजिनाचा, दीड तांडेलाचा, उरलेलं खलाशांचं. मासा सहाशे ग्रॅमचा. मास्तरांनी तोंडी हिशेब केला आणि शेपूट आमच्याकडे आली. चाचांनी वाटा घेतला नाही. "घरी मच्छी हाय," म्हणाले.

पुढची अष्टमी भाऊंनी तिथेच उभ्या-उभ्या काढली. तीही रविवारीच येत होती. मास्तरांना लग्न निघालं, बागायतदारांना फवारणी. राहिले डॉक्टर, सातही दिवस खाणारे. ते पिशवी छातीशी धरून रिक्षाकडे चालता चालता म्हणाले, "भाऊ, मी हल्ली रविवार पाळतो."