चप्पल बघून पायडल

सायकलच्या धंद्यात एक गंमत आहे. किंमत वाढत जाते तसतशा सायकलवरच्या वस्तू कमी होत जातात. साध्या सायकलला घंटा, स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर सगळे मिळते. वर एखादे कुलूपही. जरा महागडी घेतली की आधी कॅरिअर जाते, मग स्टँड, मग मडगार्ड. आणखी वर चढलात की पायडलही देत नाहीत. दुकानदार गंभीरपणे सांगतो, "सर, ते ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे घ्यायचं असतं." ज्या वस्तूवाचून सायकल ढकलत घरी न्यावी लागेल ती आवडीनिवडीची बाब कशी, हे एवढे पैसे मोजल्यावर विचारायला संकोच वाटतो. आणि तिथूनच हौशी माणसाची फसगत सुरू होते. रविवारी सकाळी पंधरावीस किलोमीटर फिरून येणे एवढीच ज्याची महत्त्वाकांक्षा, तो शर्यतीच्या पायडलांसमोर उभा राहून वजन किती ग्रॅम ते विचारू लागतो. माझे म्हणणे एवढेच की अशा माणसाने पायडल घेताना सायकल बघू नये, वेग बघू नये, आपल्या पायातली चप्पल बघावी.

शर्यतवाल्यांच्या पायडलाला बूट अडकवण्याची कळ असते. फ्रान्समधली लूक ही कंपनी स्कीवर बूट अडकवायच्या कळी बनवत असे. 1984 मध्ये तिने तीच युक्ती सायकलला लावली, आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनोने ती पायडले वापरून तूर द फ्रान्स पाचव्यांदा जिंकली. त्याआधी शर्यतवाले चामडी पट्ट्याने पाय बांधून घेत, तेव्हा सुधारणा मोठी होती यात वादच नाही. फक्त एक तपशील विसरला जातो. इनोसाठी रस्ते बंद ठेवले जात. आपला रस्ता बंद असतो तो ड्रेनेजच्या कामासाठी. पुण्यात कोथरूडहून डेक्कनला जाताना सिग्नल, बसथांबे, उलट्या बाजूने येणारे स्वाभिमानी नागरिक आणि अचानक थांबणाऱ्या रिक्षा यांमुळे पाय जमिनीला किती वेळा टेकावा लागतो याचा हिशेब ठेवणे अवघड आहे. कळीतून पाय सोडवायला टाच बाहेरच्या बाजूला फिरवावी लागते. घाईच्या क्षणी ती आठवली नाही, की माणूस शून्य वेगाने, सर्वांदेखत, सायकलसकट आडवा होतो. सायकल तर मुळात पायडलाशिवायच जन्मली. 1817 मध्ये जर्मनीतल्या मानहाइमला कार्ल द्राइसने आपले दुचाकी यंत्र चालवून दाखवले ते जमिनीला पाय मारत. पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडले बसली ती 1860च्या दशकात. जमिनीला पाय टेकण्याचा हक्क पायडलापेक्षा असा चाळीसएक वर्षांनी जुना आहे, तो कुठल्या कळीकडे गहाण का ठेवावा?

यावर जाणकार सांगतात की पाय अडकवलेला असला तर पायडल खाली दाबता येते तसे वरही ओढता येते. एका फेऱ्यात दुहेरी कमाई. कागदावर हिशेब चोख आहे. पण 2007 साली प्रसिद्ध झालेल्या, टॉमस कॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका प्रयोगात आठ सायकलपटूंना 200 वॅटच्या जोरावर, मिनिटाला 90 फेरे या गतीने, निरनिराळ्या तऱ्हांनी पायडल मारायला लावले होते. मुद्दाम वर ओढताना जोर योग्य दिशेने अधिक लागला खरा, पण त्यापायी शरीराने खर्चलेली ऊर्जा इतकी वाढली की एकूण व्यवहार तोट्यात गेला. यात नवल नाही. आपल्या मांड्या दाबायला बांधलेल्या आहेत, उचलायला नव्हेत. आठच माणसांचा प्रयोग आहे, त्यावर धर्म स्थापू नये. शर्यतीच्या शेवटच्या दोनशे मीटरांत पाय निसटू न देणारी कळ कामाची, हेही मान्य. पण आपले शेवटचे दोनशे मीटर सोसायटीच्या गेटपासून पार्किंगपर्यंत असतात आणि तिथे गतिरोधक आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सपाट पायडलावरून पाय घसरतो, विशेषतः पावसात. घसरतो, म्हणूनच चप्पल बघायची. लग्नाआधी पत्रिका जुळवतात तशी तळव्याची आणि पायडलाची जुळवावी, फरक इतकाच की इथे ती खरोखर उपयोगी पडते. जुन्या काळ्या सायकलच्या पायडलाला दोन रबरी ठोकळे असत. अनवाणी पाय, हवाई चप्पल, शाळेचे बूट, सगळ्यांना ते सोसवत. दूधवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सारा महाराष्ट्र त्यांवर फिरला. पण झिजून गुळगुळीत झालेले रबर ओले झाले की इमानदारी सोडते. दातेरी पत्र्याचे पायडल जाड तळाच्या बुटाला छान धरते आणि जुन्या, झिजलेल्या स्लिपरमधून थेट तळव्याशी बोलते. ज्यांच्यावर बारीक खिळे बसवलेले असतात ती रुंद धातूची पायडले डोंगरउतारावर उड्या मारणाऱ्यांसाठी आहेत. त्यांची पकड अप्रतिम, पण पाय सुटून पायडल उलटे फिरले की नडगीवर जी नक्षी उमटते ती आठवडाभर लोकांना समजावून सांगावी लागते. कोल्हापुरीचा मात्र कुठल्याच पायडलाशी मेळ नाही. तिचा चामडी तळ भिजला की पायडल बदलण्यापेक्षा चप्पल पिशवीत टाकून अनवाणी जावे, चामडेही वाचते. उरते ते नायलॉनचे रुंद, मधोमध किंचित खोलगट आणि अंगचेच उंचवटे असलेले पायडल. काहीशे रुपयांत मिळते, सँडललाही चालते आणि कॅनव्हासच्या बुटालाही. आता ते खिळ्यांइतके घट्ट धरत नाही, पण खिळ्यांइतके ओरबाडतही नाही, आणि फेरफटक्याला हा सौदा वाईट म्हणता येणार नाही.

काही समन्वयवादी मंडळी एका बाजूला कळ आणि दुसऱ्या बाजूला सपाट असे दुतोंडी पायडल सुचवतात. सिग्नल सुटल्यावर आपल्याला जी बाजू हवी असते ती नेमकी खाली असते. पायाने ती चाचपून वर आणेपर्यंत मागचा रिक्षावाला आपल्या तीर्थरूपांची आठवण काढतो.

घ्यायच्या वेळी किरकोळ गोष्टी बघाव्यात. बहुतेक सायकलींच्या क्रँकला 9/16 इंची आट्यांचे पायडल लागते, काही साध्या आणि लहान मुलांच्या सायकलींना अर्ध्या इंचाचे. जुने खोलून सोबत नेले की वाद मिटतो. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते चालवता चालवता आपोआप सैल होऊ नये म्हणून. हे ठाऊक नसलेला उत्साही माणूस पाना धरून जोर लावत राहतो आणि क्रँकचे आटे खातो. पायडलाला रिफ्लेक्टर असावेतच. अंधारात वरखाली हलणारे ते दोन ठिपके पाहून मागच्या गाडीवाल्याला पुढे सायकल आहे हे कळते, आणि ती सेवा ग्रॅमच्या हिशेबात धरलेली नसते.

शेवटचा आक्षेप कोणी उघड बोलत नाही: एवढ्या महागड्या सायकलला नायलॉनचे पायडल शोभत नाही. पण चालवताना पायडल पायाखाली झाकलेले असते. लोकांना दिसतात ते बूट. कळीच्या बुटाला तळाशी कडक पट्टी असते. तसे बूट घालून मिसळीच्या दुकानात शिरलेल्या गृहस्थाकडे नीट बघावे. टक् टक् आवाज करत तो टेबलापर्यंत पोचतो, ओल्या फरशीवरून बेसिनकडे जाताना भिंत धरतो, आणि नंतर रस्सा हवा असला तरी उठत नाही, बसल्या जागेवरून पोऱ्याला हाका मारत राहतो.