काय लागलंय?

वर्षातले आवडते सिनेमे कोणते, हे त्या वर्षीच्या डिसेंबरात ठरवू नये असं माझं मत आहे. डिसेंबरात माणूस नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाच्या प्रेमात असतो आणि जानेवारीतला सिनेमा त्याला गेल्या जन्मातला वाटतो. थोडं थांबावं. या बाबतीत भारत सरकारचं आणि माझं एकमत आहे. २०२३ सालच्या सिनेमांचे राष्ट्रीय पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाले. तेव्हा २०२३ ची माझी यादी इतक्या उशिरा का, म्हणून कोणी नाकं मुरडू नयेत. ज्युरीनेही घाई केलेली नाही, आणि माझं काम तर बिनपगारी आहे.

२०२३ च का, तर त्या वर्षी लोक थिएटरात परत आले. करोनानंतर महाराष्ट्रातली थिएटरं २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली होती, पण तेव्हा लोक आत शिरले ते मास्क सावरत, शेजारच्या खोकल्याकडे कान देत. २०२३ मध्ये मात्र ‘पठाण’ झाला, ‘गदर २’ झाला, ‘जवान’ झाला आणि सगळी कसर भरून निघाली. फक्त एक फरक पडला. लोक आता सिनेमाला जाईनात, लग्नाला निघाल्यासारखे निघू लागले. आठवडाभर आधी तारीख धरायची, कोण कोण येणार ते ग्रुपवर विचारायचं, कपडे ठरवायचे. ‘बार्बी’ला मुली गुलाबी घालून गेल्या, ‘बाईपण भारी देवा’ला बायका नऊवारी नेसून गेल्या. वेशभूषेवरचा खर्च पडद्यावर जास्त की खुर्च्यांमध्ये, असा प्रश्न पडावा.

वर्षाची सुरुवात कोर्टात झाली. ३ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाहेरचे खाद्यपदार्थ थिएटरात आणू द्यायचे की नाही, हे थिएटरवाल्याने ठरवावं. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यावं, आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नये. कोणी जिलबी आणली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली तर साफसफाईचे पैसे कोणी द्यायचे, असा सवाल सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी केला. सवाल बिनतोड होता. आमच्या घरात मात्र त्या दिवशी सुतक पडलं, कारण आमच्या घराण्यात थिएटरात पर्समधून थालीपीठ नेण्याची जुनी परंपरा आहे. थालीपीठाची बोटं खुर्चीला कोणी पुसत नाही, चाटतात, हा मुद्दा न्यायालयापुढे मांडलाच गेला नाही. पुढे जुलैत जीएसटी परिषदेने थिएटरातल्या खाण्यावरचा कर पाच टक्के असल्याचा खुलासा केला. आमच्या पॉपकॉर्नच्या बिलावर त्याचा काही परिणाम झालेला मला दिसला नाही, पण आपल्या भुकेची दखल दिल्लीत दोन वेळा घेतली गेली, हे काय कमी आहे?

‘बाईपण’ ३० जूनला आला, आषाढीच्या दुसऱ्या दिवशी. सहा बहिणी, त्यांच्यातली जुनी भांडणं आणि मंगळागौरीची स्पर्धा, एवढी गोष्ट. त्या वर्षी श्रावण अधिक होता, १८ जुलैपासून. अधिकात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायची पद्धत आहे. सासूबाईंनी त्या अनारशांऐवजी मला ‘बाईपण’चं तिकीट दिलं. “अनारसे तुम्हाला सोसत नाहीत,” म्हणाल्या. त्या स्वतः तो सिनेमा आधीच दोनदा पाहून आल्या होत्या आणि तिसऱ्या वेळेला गाडी चालवायला माणूस हवा होता, हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी मॉलच्या फूड कोर्टात बघण्यासारखं दृश्य होतं. टेबलाटेबलाला एकेक नवरा बसला होता. समोर ओल्या छत्र्या, दोन-दोन पर्स आणि गार झालेली कॉफी. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, पण बंधुभाव होता. मी हातात तिकीट घेऊन आत चाललो तेव्हा त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं सीमेवर निघालेल्या जवानाकडे पाहतात.

आत मोगऱ्याचा वास इतका होता की एसी हरला होता. माझ्या डाव्या हाताच्या बाईंची नथ सैल होती. त्या हसताना ती एका हाताने धरत आणि रडताना सोडून देत. मागच्या रांगेत पडद्यावरच्या प्रत्येक बहिणीला आपापल्या नात्यातलं नाव देऊन झालं होतं. “ही बघ, हुबेहूब आपली धाकटी जाऊबाई,” असं एक आवाज म्हणाला, आणि पलीकडून दुसरा आवाज आला, “मी इथेच बसलेय हो.” शेवटच्या खेळांना बायका खुर्च्यांमधल्या वाटेवर उतरल्या आणि फुगड्या सुरू झाल्या. सिनेमा कसा होता, असं मला कोणी विचारलं तर मी प्रामाणिकपणे सांगतो की पडदा फार दिसला नाही, पण करमणूक पैसे वसूल होती. सासूबाईंचे पैसे.

त्याच अधिकात, २१ जुलैला, ‘ओपनहायमर’ आला. मुंबईत त्याच्या आयमॅक्स तिकिटाने दोन हजारांचा आकडा ओलांडला आणि लोकांनी तो आनंदाने ओलांडू दिला. आम्ही साध्या पडद्यावर पाहिला. तीन तासांचा सिनेमा, मध्ये आपल्याकडचं खास मध्यंतर. दिग्दर्शकाने ते ठेवलेलं नाही, पण आपल्याकडे सामोशांचं वेळापत्रक दिग्दर्शकापेक्षा मोठं असतं. अणुचाचणीच्या प्रसंगी स्फोट होतो आणि बराच वेळ आवाज येतच नाही. नुसता उजेड आणि श्वास. अख्खं थिएटर गोठलेलं. त्या शांततेत आमच्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वेफर्सचं पाकीट उघडलं. ते बिचारे सावकाश उघडत होते, आणि सावकाश उघडलेलं पाकीट जास्त वाजतं हा पदार्थविज्ञानातला नियम ओपनहायमरलाही बदलता आला नसता.

हे सगळं मजेचं झालं. पण यादी करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की वाजतगाजत जाऊन पाहिलेल्या या सिनेमांपैकी माझ्या यादीच्या वरच्या भागात एकही नाही. वर आहेत ते भलत्याच कारणाने पाहिलेले.

पुण्यात आम्ही कॉलेजात होतो तेव्हा सिनेमाला ‘जायचं’ असं ठरायचंच नाही. संध्याकाळी पाय निघायचे. ‘अलका’च्या चौकात आलं की एकाने दुसऱ्याला विचारायचं, “काय लागलंय?” तिथे हाऊसफुल्लचा बोर्ड असला तर लक्ष्मी रोडने ‘विजय’, तिथेही तिकीट नसलं तर ‘प्रभात’. सहाचा खेळ हुकला तर भेळ खाऊन नऊचा. नट कोण, दिग्दर्शक कोण, कळायचं ते आत बसल्यावर. त्यात पुष्कळ भिकार सिनेमे पदरात पडले. पण कधीतरी असाही एखादा पडला, की जाहिरात बघून आम्ही जन्मात त्या वाटेला गेलो नसतो. ‘प्रभात’ २०१४ च्या अखेरीस बंद झालं आणि पुढे किबे लक्ष्मी या नावाने उघडलं. इमारत उभी आहे, पण संध्याकाळी आपोआप तिकडे वळणारे पाय राहिले नाहीत. आता खिडकीपाशी जाऊन “काय लागलंय?” विचारलं तर आतला मुलगा अदबीने म्हणतो, “सर, ॲपवर बघा ना.” ॲपवर बघितलं की सोयीचं शुल्क द्यावं लागतं. खिडकीसमोर उभं राहून तिथल्याच खुर्चीसाठी सोयीचे पैसे देणं, ही गैरसोय मला झेपत नाही.

तर त्या वर्षी सहज पाहिलेला पहिला सिनेमा ‘वाळवी’. जानेवारीत ‘वेड’ची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून शेजारच्या पडद्याला गेलो. नवरा मैत्रिणीच्या मदतीने बायकोचा काटा काढायला निघतो; बेत पक्का, माणसं कच्ची. परेश मोकाशींनी गंमत अशी केली की आम्ही प्रेक्षकही कटात सामील झालो. बेत फसू लागला तशा आमच्या रांगेतल्या एक अत्यंत सात्त्विक काकू कळवळून ओरडल्या, “अरे, आधी दार लाव!” हा सल्ला खुन्याला होता. आम्ही सगळे हसलो, आणि हसताना जाणवलं की आपण सगळे त्या दाराचीच काळजी करतोय. हा सिनेमा मी घरी पुन्हा पाहिला तेव्हा नवऱ्याला नीट नावं ठेवली. थिएटरात ते सुचलं नव्हतं, कारण तिथे मी एकटा सज्जन नव्हतो.

दुसरा ‘आत्मपॅम्फ्लेट’. तो ६ ऑक्टोबरला आला, म्हणजे ऐन पितृपक्षात, त्यातून क्रिकेटचा विश्वचषक भारतात सुरू. पितृपक्षात आपल्याकडे कोणी चमचाही विकत घेत नाही, तिथे नव्या दिग्दर्शकाचा सिनेमा कोण घेणार? पण १३ तारखेला राष्ट्रीय सिनेमा दिवस होता. देशभरात चार हजारांवर पडद्यांवर तिकीट ९९ रुपये. त्या दिवशी मला बऱ्याच वर्षांनी ती जुनी गर्दी भेटली. माणसं घरच्या चपला घालून आली होती. खिडकीशी “कशाची आहेत?” अशी विचारणा चालली होती, आणि उत्तर काहीही आलं तरी “द्या चार” म्हणत होते. आम्हाला उरलेल्या खुर्च्या ‘आत्मपॅम्फ्लेट’च्या मिळाल्या.

शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते. पहिली दहा मिनिटं ते “हिरो कोण आहे यातला?” असं विचारत होते. हिरो म्हणजे पडद्यावरचा शाळकरी मुलगा, हे कळल्यावर थोडे खट्टू झाले. मग त्या मुलाचं वर्गातल्या मुलीवरचं प्रेम, त्याच्या मागे सरकणारा देशाचा इतिहास आणि मध्येच डोकावणारी जात, यांत ते असे रमले की नातू झोपला तरी त्यांना कळलं नाही. बाहेर पडताना मला म्हणाले, “वेगळाच होता. ९९ चं परत कधी आहे?” समीक्षा म्हणून हे मला पुरेसं वाटतं. आशिष बेंडे यांना पुढे पदार्पणातल्या उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा मला पहिली आठवण आजोबांची झाली.

इथेच खरी गोम आहे. ठरवून जाणारा प्रेक्षक जे आधीच गाजलंय तिथे जातो. तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग धरून चौघांचे दोन हजार जाणार असतील तर तो धोका पत्करत नाही, आणि त्याचं चुकत नाही. पण नव्या, बिननावाच्या सिनेमाला पहिले शंभर जण लागतात ते कोणाच्याही सांगण्यावरून न आलेले. ते बघतात, बाहेर जाऊन बोलतात, मग पुढचे येतात. ते शंभर जण मिळाले नाहीत तर सिनेमाचा शुक्रवारी मुहूर्त आणि गुरुवारी उत्तरक्रिया. त्या वर्षी धनत्रयोदशीला, १० नोव्हेंबरला, ‘श्यामची आई’ आणि ‘नाळ २’ एकदम आले. दोनच दिवसांनी, लक्ष्मीपूजनाला, ‘टायगर ३’ आला. लक्ष्मी कोणाकडे गेली, सांगायला नको. या दोन्ही मराठी सिनेमांना पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्या दिवाळीत मात्र लोक उटणी लावून टायगर बघत होते.

आम्हीही टायगरच बघणार होतो, भाच्यांच्या हट्टापायी. जागा नव्हती. मुलांना गेम्सच्या दालनात सोडून आम्ही दोघं उरलेल्या वेळात ‘ट्वेल्थ फेल’ला शिरलो. २७ ऑक्टोबरला फारसा गाजावाजा न होता लागलेला हा सिनेमा तोंडातोंडी टिकून होता. बारावीत नापास झालेला चंबळकडचा मुलगा आयपीएस होतो, ही खरी गोष्ट. ते मनोज कुमार शर्मा महाराष्ट्र केडरचेच अधिकारी. आमच्या पुढच्या दोन रांगा एमपीएससीच्या मुलांनी भरल्या होत्या. दिवाळीला गावी न गेलेली मुलं. अभ्यासिकेतून थेट आलेली, मांडीवर सॅक, सॅकच्या कप्प्यात पाण्याची बाटली. त्यांनी शिट्ट्या मारल्या नाहीत. पडद्यावरचा मनोज पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो तिथे त्यांच्यातला एक जण शेजाऱ्याला हळूच म्हणाला, “माझी तिसरी.” शेजारी म्हणाला, “गप, बघ.” दिवे लागल्यावर एकानेही खिशातून मोबाइल काढला नाही. पुण्यात हे मी फक्त राष्ट्रगीताच्या वेळी पाहिलं आहे.

‘ट्वेल्थ फेल’ला वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सुवर्णकमळ मिळालं. माझा आणि ज्युरीचा पहिला क्रमांक जुळला, हे मी घरात अभिमानाने सांगितलं. बायकोने यादी हातात घेऊन वाचली. “ही आवडत्या सिनेमांची यादी नाहीये,” ती म्हणाली, “ही तुला तिकिटं न मिळाल्याची यादी आहे.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘वेड’, ‘टायगर’ आणि हाऊसफुल्ल झालेल्या इतर सर्व सिनेमांचे मी इथे जाहीर आभार मानतो. ते भरले म्हणून मी दुसरीकडे बसलो. बायकोने मात्र त्यावर तोडगा काढला आहे. येत्या शुक्रवारची दोन तिकिटं तिने ॲपवरून, सोयीचं शुल्क भरून, काढली आहेत. खुर्च्या जी सात आणि आठ. सिनेमा कुठला, ते मला सांगायचं नाही असं ठरलंय, आणि थालीपीठं तिच्या पर्समध्ये असतील.