देवाला ब्रँडेड, पेशंटला सुटं

शनिशिंगणापूरच्या शनिदेवाला 1 मार्च 2025 पासून सुटं तेल चालत नाही. भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते, म्हणून यापुढे अभिषेक ब्रँडेड तेलानेच, असं देवस्थानाने ठरवलं. हा देव डोक्यावर छत घेत नाही, ऊन-पाऊस अंगावर घेतो, पण तेलाच्या डब्यावरचं लेबल मात्र बघतो. निर्णय शंभर टक्के बरोबर. साडेपाच फुटी पाषाण झिजत असेल तर काय आणलंय आणि कुठून आणलंय, हे विचारायलाच हवं.

आमचं मागणं एवढंच, की हा नियम हाडामांसाच्या माणसालाही लावा. शिंगणापूरचा नेवासा तालुका घ्या, नाहीतर महाराष्ट्रातला कुठलाही घ्या. घरात कॅन्सरचा पेशंट असला की त्याच्या पोटात काय काय जातं बघा. सकाळी गव्हांकुरांचा रस, मग गुळवेलीचा काढा, कच्ची हळद, कडुलिंबाचा पाला, कुणीतरी शोधून आणलेलं लक्ष्मणफळ, गोमूत्राचा अर्क. शिवाय वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, नाव-गाव-तारीख नसलेली एक पुडी. तिच्यात काय आहे? ‘जडीबुटी’. कुणी दिली? ‘एक महाराज आहेत’. केमो घेताना चालेल का? ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नसतो.’ बिचाऱ्या आयुर्वेदाला हे ऐकायलाही मिळत नाही. त्याच्या ग्रंथांत मात्रा, काळ, अनुपान आणि निषेध यांची पानंच्या पानं भरली आहेत, आणि त्याच्या नावावर पुडी विकणाऱ्याला चमच्याचं मापसुद्धा ठाऊक नसतं.

शिंगणापूरच्या रस्त्यावर गाडी जरा हळू झाली की काचेला येऊन चिकटणारी मंडळी असतात. तेल इथूनच घ्या, ताट इथूनच घ्या, पार्किंग आमच्याकडेच. त्यांना तिथे ‘लटकू’ म्हणतात. बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की पेशंटच्या गाडीलाही असेच लटकू लागतात. एक मावसभाऊ असतो, ज्याच्या साडूचा कॅन्सर ‘कापाकापी न करता’ गेला. तो साडू कुणीच पाहिलेला नसतो. एक निवृत्त मास्तर असतात, जे रोज पहाटे व्हॉट्सअ‍ॅपवर लिंबूपाणी पाठवतात. आणि एक असतो, जो दवाखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर हळूच विचारतो, ‘कुठल्या स्टेजला आहे?’

लटकू पक्ष बघत नाहीत, हा त्यांचा एकमेव गुण. एप्रिल 2019 मध्ये भाजपच्या उमेदवार प्रज्ञासिंह ठाकूर यांनी आपला स्तनाचा कॅन्सर गोमूत्राने बरा झाल्याचं सांगितलं; पुढे एका सर्जनने त्यांच्यावर आपणच शस्त्रक्रिया केल्याचं सांगितलं. नोव्हेंबर 2024 मध्ये काँग्रेसचे नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या बरं होण्याचं श्रेय हळद, कडुलिंब, लिंबूपाण्याच्या आहाराला दिलं. त्यांच्या पत्नीनेही शस्त्रक्रिया आणि केमो घेतलेली होती. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या 262 आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढून सांगावं लागलं, की बाबांनो, या भरवशावर उपचार लांबवू नका. नंतर सिद्धूंनीही खुलासा केला, की आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि उपचारांच्या जोडीनेच होता. पण खुलासा फॉरवर्ड होत नसतो. गोमूत्र आणि लिंबूपाणी यांच्यात मतभेद असतील, ऑपरेशनचा उल्लेख विसरण्यावर मात्र सर्वपक्षीय एकमत आहे.

आता कुणी म्हणेल, हे सदर वनस्पतींवर उठलंय. मुळीच नाही. अंगणातली सदाफुली घ्या. लोक ती मधुमेहावर वापरत. 1950च्या दशकात कॅनडातले संशोधक तोच गुण तपासायला गेले आणि साखरेऐवजी पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिसल्या. त्यातून विनब्लास्टिन मिळालं, मग विनक्रिस्टिन आलं, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही चालतं. आपल्या सह्याद्रीतला नरक्या घ्या. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, आणि त्याच्यापासून बनलेलं इरिनोटिकॅन आतड्याच्या कॅन्सरवर देतात. या नरक्याची तस्करी होते, जंगलं ओरबाडली जातात, कारण परदेशी कंपन्यांना त्याची किंमत कळलेली आहे. तेव्हा झाडपाल्याचा अपमान कॅन्सरचे डॉक्टर करत नाहीत. ते झाडपालाच सलाइनमधून देतात. फरक मोजण्याचा आहे. वाळलेल्या सदाफुलीची शेकडो किलो पानं गाळली तर विनक्रिस्टिन जेमतेम ग्रामभर निघतं, आणि मोठ्या माणसालाही एका वेळी दोनेक मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. जास्त झालं तर नसा बधिर होतात. हे मिलिग्रॅम मुठीने पाला खाणाऱ्याला कोण मोजून देणार?

‘फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना?’ हा लटकूंचा लाडका प्रश्न. तोटा आहे. केमोची बरीच औषधं यकृतातून जातात, आणि काढे-अर्कही तिथूनच जातात. ग्रीन टीतला एक घटक बोर्टेझोमिब या कॅन्सरच्या औषधालाच धरून बसतो आणि त्याला काम करू देत नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा आयुष मंत्रालय खवळलं. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे कशावरून, असं मंत्रालयाचं म्हणणं. अहो, आम्हीही तेच विचारतोय! कोपऱ्यावरच्या टोपलीतली वेल कुठली, हे मंत्रालयाला सांगता येत नसेल, तर केमो चालू असलेल्या आजीला कसं सांगता येईल? आणि ज्या पुडीने आठवड्यात भूक लागते, चेहरा भरतो, ‘बघा, तब्येत सुधारली’ असं सगळे म्हणतात, तिच्यात स्टेरॉइड तर नाही ना, हे एकदा तपासून घ्या. अशा पुड्यांत ते सापडलेलं आहे.

सगळ्यात मोठा तोटा यकृताचाही नाही, वेळेचा आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये बऱ्या होण्याजोग्या कॅन्सरचे रुग्ण तपासले. नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी मार्ग धरणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात दोन्ही बाजू धरणारे होते. त्यांच्यातही धोका दुप्पट निघाला. काढ्याने मारलं नाही. काढा सुरू झाल्यावर त्यांच्यातल्या अनेकांनी शस्त्रक्रिया, केमो किंवा रेडिएशन यांपैकी काहीतरी हळूच नाकारलं, तिथे घात झाला.

मग जोडीने काही करूच नये का? करावं. कसं करावं याचा नमुना शिंगणापुरातच आहे, आणि तो युको बँकेने घालून दिलाय. गावात घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत, कुलपं नाहीत. रक्षण शनिदेव करतो ही श्रद्धा. 2010 मध्ये एका भाविकाने रोकड आणि ऐवज चोरीला गेल्याची तक्रार केली, तरी श्रद्धा हलली नाही. जानेवारी 2011 मध्ये बँकेने इथे शाखा उघडली, ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून देशभर गाजली. बँकेने गावाशी वाद घातला नाही. पारदर्शक काचेचं दार लावलं आणि त्यात सहसा कुणाला दिसणार नाही असं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप बसवून टाकलं. गावाची श्रद्धा शाबूत, खातेदारांचे पैसे शाबूत. कॅन्सरमधले एकात्मिक उपचार म्हणतात ते हेच. नवस बोला, तेल वाहा, योग करा, पण आतलं कुलूप काढू नका.

आणि या जोड-उपचारांतले काही चाचणीला उतरलेलेही आहेत. कॅन्सरतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने एकात्मिक उपचारांच्या संस्थेबरोबर 2022 मध्ये वेदनांवर आणि 2023 मध्ये चिंता-नैराश्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. हार्मोनच्या गोळ्यांनी सांधे धरतात तेव्हा अ‍ॅक्युपंक्चर, मन खचतं तेव्हा सजगतेचा सराव, शिवाय योग, मसाज, संगीत, ज्याचा जिथे उपयोग दिसला तिथे ते सुचवलं. टाटा मेमोरियलने स्तनाच्या कॅन्सरच्या 850 रुग्णांवर योगाची चाचणी केली. 2022 मध्ये अमेरिकेतल्या परिषदेत ती मांडली, आणि योग करणाऱ्या गटात रोग परतण्याचं व मृत्यूचं प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी कमी दिसल्याचं सांगितलं. हा आकडा सांगताना लोक ‘उपचारांसोबत’ हा एवढाच भाग गाळतात. सूर्यनमस्कार घालून गाठ गेली, असं त्या चाचणीत कुठेही नाही.

लेबल सगळ्यांचंच बघायचं, तर मोठ्या दवाखान्यांचंही बघा. फेब्रुवारी 2024 मध्ये टाटाच्याच संशोधकांची तांबं आणि द्राक्षातल्या एका घटकाची ‘शंभर रुपयांची गोळी’ टीव्हीवर झळकली. उंदरांवरचं आणि थोड्या रुग्णांवरचं काम. मोठी चाचणी व्हायच्या आधीच अँकरांनी कॅन्सरला निरोप देऊन टाकला. लटकूच्या हातात कधी तेलाची बाटली असते, कधी माइक.

डॉक्टरांनाही एक टोला. मराठी माणसाला पथ्य नसलेलं औषध औषधच वाटत नाही. कॅन्सरचे डॉक्टर दीड मिनिटात ‘सगळं खा’ म्हणून पुढच्याला हाक मारतात. पुडीवाला महाराज तासभर बसवतो, नाडी धरतो, झोप लागते का, सून जेवायला देते का, विचारतो, आणि आंबट बंद, वांगं बंद, गूळ चालेल, अशी यादी हातात देतो. पेशंटला वाटतं, इथे माझ्याकडे कुणीतरी बघितलं. केसपेपरवर तंबाखू, दारू, शुगर, बीपी सगळ्यांना जागा असते. ‘आणखी काय काय घेता?’ याला बहुधा नसते. कुणी धीर करून सांगितलंच, तर असं फैलावर घेतात, की पुढच्या वेळी तो पुडी खिशात ठेवून ‘काही नाही’ म्हणतो. ज्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक बसत नाहीत, त्याच्या बाहेर महाराज बसणारच.

पेशंटच्या घरच्यांनाही एक. साडेसातीचे उपाय आपण साडेसात वर्षं, दर शनिवारी, न चुकता करतो. स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षं रोज घ्यायची असते. दुसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणतं, ‘आता बरी आहेस ना, कशाला गरम औषध?’ आणि बाईची गोळी बंद होते. रेडिएशन चालू असताना त्या जागेवर तेल लावू नका म्हणून सांगितलेलं असतं, तरी शनिवारी अभिषेकाचं उरलेलं तेल छातीला चोळायला एक काकू हजर असते. शनीच्या चौथऱ्यावर चढायला बायकांना हायकोर्ट गाठावं लागलं, 2016च्या गुढीपाडव्याला कुठे ती बंदी सुटली. छातीतली गाठ डॉक्टरला दाखवायची परवानगी अजून घरच्या कोर्टात पडून आहे.

मात्र गरिबाला कुणी अडाणी म्हणू नये. फुले जन आरोग्य योजनेचं कवच पाच लाखांचं झालंय. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे घ्यायचं, तर गाडीभाडं, शहरातलं राहणं आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कुठल्या कार्डात बसते? पुडी कुरिअरने घरपोच येते. उपचार जिल्ह्याच्या वेशीवरून माघारी फिरतात आणि भोंदू उंबऱ्यापर्यंत येतो, याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सरकारला फार सोयीचं आहे.

राहता राहिला कायदा. शनिदेवाच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजा विकणाऱ्यांचं प्रकरण 2025 मध्ये विधानसभेत गाजलं, चौकशी लागली, गुन्हे दाखल झाले. देवाच्या नावाने फसवलं तर सभागृह तापतं. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला 1954 पासून बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण चहाच्या टपरीवरची कुजबूज कुणाच्या कानावर जात नाही. महाराष्ट्राचा 2013चा जादूटोणाविरोधी कायदा, जो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर एकदाचा आला, तो माणसाला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र आणि गंडेदोरे करण्याला गुन्हा ठरवतो. केव्हा? अनुसूचीत लिहिलंय : कुत्रा, साप किंवा विंचू चावला तर. कॅन्सर चावत नाही. तो गुपचूप वाढतो. त्यामुळे त्याच्या मांत्रिकाचा धंदा अजून उघड्यावर आहे आणि पेशंट मात्र पुडी लपवतो.