बोट, अंडे आणि आदिताल

चेन्नईची प्रवासवर्णने मरीनावर सुरू होतात आणि इडलीत संपतात. बोट त्यांत लागते ते कळस दाखवण्यापुरते. वास्तविक हे शहर समजून घ्यायला निखळलेल्या बोटासारखा वाटाड्या नाही. एरवी नजरेतून निसटणारी ‘पुत्तूर कट्टू’ ही पाटी मग जागोजाग दिसू लागते. मराठी माणसाला वाटते, कट्टा असेल, टेकू जरा. पण कट्टू म्हणजे बांधणे, आणि पुत्तूर हे तिरुपतीच्या वाटेवरचे आंध्रातले गाव, हाडवैद्यांसाठी नावाजलेले. पाल्याचा लगदा, अंड्यातला पांढरा बलक, बांबूच्या कामट्या आणि वरून कापडाची पट्टी, एवढा सगळा संसार. एरवी अंड्याच्या वासाने नाक मुरडणारे शहरातले सोवळे मैलापूरही इथे हात पुढे करत असणार. पोटात जाते ते अंडे, बोटावर चढते ते औषध!

उपचाराची दुसरी वाट याहून जुनी आहे. सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडले की समोरच जनरल हॉस्पिटल. ईस्ट इंडिया कंपनीच्या आजारी शिपायांसाठी ते सेंट जॉर्ज किल्ल्यात १६६४ साली निघाले, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या दहा वर्षे आधी. उत्तर चेन्नईतल्या स्टॅन्ली रुग्णालयात डॉ. आर. वेंकटस्वामी यांनी १९७१मध्ये हाताच्या दुखापतींसाठी स्वतंत्र सेवा सुरू केली. एवढे असून माणसे कट्टूकडे का वळतात? अडाणीपणा हे उत्तर सोपे आहे, आणि चूक. हाडवैद्य आधी हात धरतो, मग नाव विचारतो. शस्त्रक्रिया हा शब्द तर तो तोंडातून काढतच नाही. शिवाय ‘आमचा मामा तिथेच बरा झाला’ हा पुरावा असतो. मामा बरा झाला, हे खरेच. पण मधल्या पेराचा साधा निखळलेला सांधा एकदा जागेवर बसला की पुढचे बरेचसे काम शरीर आपले आपण उरकते, आणि श्रेय शेवटची पट्टी बांधणाऱ्याच्या पदरात पडते. ज्यांचा मामा बरा झाला नाही, ते कुणाला पत्ता सांगत बसत नाहीत.

प्रत्येक बोट मात्र मामाचे नसते. अंगठ्याच्या बुडाचा सांधा निखळला की त्याच्या तळव्याकडची चिवट पट्टी कधीकधी सांध्याच्या फटीत शिरते. अशा वेळी खेचत राहणे म्हणजे नाडीची निरगाठ ओढून सोडवणे. मग शस्त्रक्रियेवाचून सुटका नाही. आत हाडाचा टवका उडाला आहे का, हेही वरून चाचपून कळत नाही. त्याला एक्स-रे लागतो, सांधा बसवण्याआधी आणि बसवल्यानंतरही. म्हणून गाडीत ‘बघू, मी ओढतो’ म्हणत सरसावणाऱ्या सहप्रवाशाला बोट देऊ नये. बोट दिले की हात धरणारे लोक ते हेच. सूज चढायच्या आत अंगठी काढावी, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि तडक हॉस्पिटल गाठावे.

खरी परीक्षा त्यानंतरची. बसवणे मिनिटाचे, वळवणे महिन्यांचे. कट्टू घट्ट बसला तर नख निळे पडते, बोट बधिर होते. आणि फार दिवस बांधून ठेवले तर सांधा आखडतो. दुखरे बोट हलवायचे कसे, असे कुणी विचारेल. डॉक्टर साध्या दुखापतीत त्याला शेजारच्या बोटाशी बांधतात, आणि शेजारी वाकला की तेही नाइलाजाने वाकते. सूज महिनोन्‌महिने रेंगाळते, पण त्या काळासाठी चेन्नईइतकी चांगली व्यायामशाळा नाही. केळीच्या पानावर पळणारा रसमभात अडवायला पाचही बोटे लागतात, आणि कढत कॉफीचा टंबलर काठाला धरताना अंगठ्याला हजेरी लावावीच लागते. पंचाईत होते ती मार्गळी महिन्यातल्या कचेरीत, म्हणजे गाण्याच्या मैफलीत. आदिताल मोजायचा तो टाळी, करंगळी, अनामिका, मध्यमा आणि मग टाळी नि उलटा हात दोनदा, अशा आठ मात्रांनी. अनामिका मध्यमेला बांधलेली असली की दोन मात्रा एकदम पडतात आणि हिशेब सातावर येतो. गायक मान वर करून पाहणार नाही, पण शेजारच्या खुर्चीतले मामा नक्की पाहतील. तेव्हा पट्टी सुटेपर्यंत मिश्र चापूतल्याच कृती ऐकाव्यात. तिथे सातच मात्रा असतात.