गोऱ्या भाताच्या कारभाऱ्यास

श्रीमान पॉलिशर साहेब,
मुक्काम कोणतीही राईस मिल, गोंदिया जिल्हा.



आधी अभिनंदन स्वीकारा. २०२५ च्या जुलैमध्ये समोसा आणि जिलेबीच्या नावानं देशभर शिमगा झाला, तेव्हा तुमच्या अंगावर कोंड्याचा कणही उडाला नाही. पदार्थांमधलं तेल आणि साखर सांगणारे फलक सरकारी कार्यालयांत लावा, अशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सूचना निघाली, बातम्यांत नागपूरच्या एम्सचं नाव झळकलं, आणि आता समोशावरही सिगारेटसारखा इशारा छापणार अशी आवई उठली. शेवटी मंत्रालयाला तसं काही नाही असा खुलासा करावा लागला. समोसा बिचारा पाहुणा. आला तर आठवड्यातून एकदा येतो. तुमचा माल आमच्या ताटात दोन्ही वेळा, बाराही महिने. तरी तुमच्या नावाचा फलक लावावा असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. गुन्हा करावा तर इतक्या अदबीनं.

तुमचा दबदबा आम्हाला ठाऊक आहे जी. आमच्या गावाला तांदळाचं शहर म्हणतात. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळे होऊन आम्ही जिल्हा झालो, पण धान त्याच्या कितीतरी आधीपासून आमचा मालक आहे. सरकारनं खरेदी केलेला धान भरडाईला मिलमध्ये येतो, तेव्हा क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत द्यायचा असा हिशेब असतो. उरलेल्यात भुसा, थोडी कणी, आणि तुम्ही मोठ्या कष्टानं खरवडून काढलेला कोंडा. भुशाबद्दल तक्रार नाही, तो कोणी खात नाही. पण कोंड्यात तंतू होते, ब जीवनसत्त्वं होती, चांगलं तेल होतं. ते सगळं तुम्ही काढून घेतलं आणि उरलेल्या पांढऱ्या दाण्याला चकाकी देऊन आमच्या हवाली केलं. वर आम्हीच दुकानात मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन म्हणतो, ‘वा, काय मोत्यासारखा आहे!’

कोंड्याचं पुढं काय होतं, हे तुम्ही कधी बोलत नाही. काही पशुखाद्यात जातो. म्हणजे तुमच्या कृपेनं आमच्या जिल्ह्यात सर्वात समतोल आहार कोणाचा असेल तर तो म्हशीचा. बाकीच्याचं तेल काढतात. ते राईस ब्रान तेल बाटलीत भरून, वर लाल हृदयाचं चित्र लावून, आमच्याच बाजारात परत येतं आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची भीती घातलेली माणसं ते चढ्या भावानं घरी नेतात. धान आमचा, कोंडा आमचा, भीतीही आमची.

तुमच्यावरचे जुने गुन्हे काढायचे तर फार मागे जावं लागेल. १८९० च्या दशकात जावा बेटावर क्रिस्टियान आइकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीचं कारण शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या पाय लुळे पडून कोसळत, कारण त्यांना लष्करी इस्पितळातला शिल्लक पांढरा भात मिळत असे. मग नवा आचारी आला. लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना देणार नाही, असं त्यानं बजावलं. साध्या, बिनसडीच्या तांदळावर त्या कोंबड्या पुन्हा चालू लागल्या. वैद्यकशास्त्रात इतकं मोठं काम केलेला नियमनिष्ठ कारकुनी स्वभाव दुसरा सापडणार नाही. आइकमानना १९२९ चं नोबेल मिळालं. मधल्या काळात काझिमीर फुंक यांनी तांदळाच्या कोंड्यावरच काम करून जीवनसत्त्वाची कल्पना मांडली. जे तुम्ही खरवडून काढता, त्यातून एक अख्खं शास्त्र उभं राहिलं, साहेब.

आणि हे आम्हाला सांगायला जावा बेटच कशाला हवं होतं? १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जे. सी. कुमारप्पांनी त्याचा कारभार पाहिला आणि गांधीजी ‘हरिजन’मधून तुमच्याविरुद्ध लिहीत राहिले. डॉक्टरांची मतं मागवून छापली, हातसडीचा तांदूळ खा म्हणून सांगितलं. वर्धा इथून काही फार लांब नाही. पण आपल्याकडे महापुरुषांचे पुतळे चौकात ठेवतात आणि त्यांचा सल्ला माळ्यावर. घरोघरचे उखळ-मुसळ आता लग्नातल्या हळदीपुरते उरले आहेत.

यापुढचा भाग मला सर्वात जास्त आवडतो. तुम्ही दाण्यातून सत्त्व काढता, आणि सरकारनं ते परत घालायचा खर्च केला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून कारखान्यात तांदळासारखेच दाणे पाडले आणि शंभर किलोमागे एक किलो या प्रमाणात रेशनच्या तांदळात मिसळले. महाराष्ट्रात याचा पहिला प्रयोग शेजारच्या गडचिरोलीत झाला, आणि २०२४ पर्यंत देशभरातल्या सरकारी योजनांत हाच तांदूळ आला. अनेक गावांत बायकांनी हे वेगळे दिसणारे दाणे ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून फेकून दिले. आता लोह आणि ब-१२ कोंड्यातून मिळालंच असतं असं नाही, ब-१२ तर मुळीच नाही. ती उणीव खरी आहे आणि तो दाणा फेकू नये. पण एका दारानं काढायचं आणि दुसऱ्या दारानं घालायचं, या उद्योगात पहिल्या दारावर तुम्हीच उभे आहात.

असो. मी पत्र लिहायला बसलो ते वजनाच्या निमित्तानं.

आमच्याकडे वजन कमी करायचं ठरवणारा नवखा माणूस काय करतो, ते तुम्ही पाहिलं असेल. आधी तो ओट्सचं पाकीट आणतो. मग ओळखीतलं कोणी त्याला पावडरीचा डबा देतं, महिन्यात दहा किलोची हमी असते, आणि दुधात कालवून प्यायच्या त्या चॉकलेटी चिखलाची किंमत पोत्याभर तांदळाएवढी. नंतर तो भात पूर्ण बंद करतो. तीन दिवस घरात कोणाशी नीट बोलत नाही, चौथ्या दिवशी कोणाच्या तरी तेरवीला जातो आणि तिथं सगळा हिशेब चुकता करतो. २०१८ च्या सुमारास तर अख्खा महाराष्ट्र दोन गटांत विभागला होता. विदर्भाचेच डॉ. श्रीकांत जिचकार यांच्याकडून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं आणि वेळेवर खा, आपल्या मातीतलं खा. पंगतीत माणसं एकमेकांना दीक्षित की दिवेकर असं विचारत, आणि उत्तर ऐकता ऐकता भात वाढून घेत. त्या सगळ्या गदारोळात तुमचा पट्टा एक दिवसही थांबला नाही.

तुमच्या वकिलाचा मुद्दा मला माहीत आहे. पांढरा तांदूळ आणि कोंड्यासकटचा तांदूळ यांच्यात कॅलरी जवळपास सारख्याच, शंभर ग्रॅम कच्च्या तांदळाला साडेतीनशेच्या आसपास. मग पोट सुटलं त्यात पॉलिशरचा काय दोष? वकील हुशार आहे. कोंड्यासकटचा तांदूळ खाल्ला म्हणून कोणी आपोआप बारीक होत नाही, हे मी मान्य करतो. तुमचा खरा गुन्हा वेगळा आहे. तुम्ही भात इतका मऊ आणि गुळगुळीत केलात की तो चावावाच लागत नाही. कोंड्यासकटचा भात दुसऱ्यांदा वाढून घेतानाच ‘बस’ म्हणायला लावतो. तुमचा भात चौथ्यांदा वाढून घ्यायलाही वाट देतो, आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला दोन हजार कॅलरींच्या आहारात कच्चं धान्य धरलं आहे सुमारे २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम. हे २५० ग्रॅम म्हणजे भात, पोळी, सकाळचे तर्री पोहे, चारचे मुरमुरे आणि पावसाळी दिवशी केलेले तांदळाच्या पिठाचे चिले, सगळं मिळून. पोहे-मुरमुरे तुमच्या भावकीतले आहेत, हे सोयीनं विसरून आम्ही ‘आज भात नाही खाल्ला’ म्हणून छाती फुगवतो. आणि भाजी? आमच्या ताटात ती कोपऱ्यात, लोणच्याच्या शेजारी, कशीबशी बसलेली असते.

म्हणून आज वजन उतरवायला सुरुवात करणाऱ्याला मी भात सोडायला सांगत नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातल्या माणसाला भात सोड म्हणणं म्हणजे माणूसपणच सोड म्हणणं आहे. ढीग तेवढा अर्धा करा, वरण दुप्पट घट्ट करा, आणि भाजीला कोपऱ्यातून मध्यभागी आणा. चहात दोन चमचे साखर पडत असेल तर आधी एकावर या. वजनकाट्यावर रोज चढू नका. शिंप्याकडची टेप बेंबीजवळ गुंडाळा. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढं गेली की धोका सुरू होतो. त्याच पोषण संस्थेच्या म्हणण्यानुसार आठवड्याला अर्धा किलो उतरणं सुरक्षित. पावडरवाल्याच्या जाहिरातीत हा आकडा कधी बसणार नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण एकदम घटवण्याआधी डॉक्टरांना विचारा. रक्तातली साखर अचानक उतरण्याचा प्रकार गमतीचा नाही.

आणि बाहेरून काय आणायचं? जवळपास काहीच नाही. आठवडी बाजारात हिवाळ्यात लाखोळीचा कोवळा पाला येतो, अंबाडी येते, कोचईची (अळूची) पानं येतात. कोरड्या जवसाची चटणी आमच्या आज्या करायच्या, त्याच जवसाच्या पुड्या आता ‘फ्लॅक्स सीड्स’ नावानं मॉलमध्ये उभ्या आहेत. कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले मालगुजारी तलाव आमच्याकडे आहेत, त्यांत मासे आहेत, शिंगाडे आहेत. नवेगावबांधच्या तलावावर लोक पक्षी बघायला गाडी काढून जातात, आणि येताना रस्त्यावरच्या ताज्या मासळीपुढून काच वर करून पुढं सरकतात, कारण घरी प्रोटीनचा डबा वाट पाहत असतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करून ठेवतो. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकलेल्या बाईला हे पत्र लागू नाही. तिनं खाल्लेला भात दुपारच्या आत जिरलेला असतो. तिच्या ताटात भात जास्त नाही, डाळ कमी आहे, आणि रेशनवर जो तांदूळ मिळेल तो तिला घ्यावा लागतो. तिथं निवड करायची सोय तुम्हीही ठेवली नाही आणि सरकारनंही नाही. हे पत्र आमच्यासारख्यांसाठी आहे, जे खुर्चीत बसून तिच्याएवढं जेवतात.

आता निकाल. तुम्हाला सील ठोकावं असं मी म्हणणार नाही. तुमच्यावर हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत अनेकांची चूल चालते, आणि कोंड्यातल्या तेलामुळे बिनपॉलिशचा तांदूळ लवकर खवट होतो, ही तुमची अडचणही खरी. उकड्या तांदळाच्या बाबतीत तर थोडी सूट देतो: धान भरडण्याआधी उकडला की कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात आणि तुमचा पूर्ण हात चालत नाही. शिक्षा एवढीच, की पुढं तुमचा हात दाण्यावरून एकदाच फिरावा.

ते तुम्ही आपणहून करणार नाही, हे उघड आहे. म्हणून शेवटची विनंती वाचकांना. घरचा धान भरडायला न्याल तेव्हा मिलवाल्याला सांगा, ‘दादा, पॉलिश एकदाच मारा, जास्त नको.’ एका वेळी महिनाभर पुरेल इतकाच भरडा, बाकीचा धान कोठीत राहू द्या. पहिल्यांदा घरातली पोरं नाक मुरडतील. निम्मा पांढरा, निम्मा एक पॉलिशचा असा मिसळून शिजवा, आधी तासभर भिजू द्या, पाणी थोडं जास्त ठेवा. आणि दुकानातून घेत असाल, तर सर्वात चकचकीत पोतं सोडून त्याच्या शेजारचं मागा.

आपला,
गोंदियाचा एक भातखाऊ